काका, तुझी बोट जानेवारीत सुटते

काका, काल तुझ्या मोबाइलवर मेसेज आला. ‘प्रिय जनार्दनजी, तुमची बोट तुमची वाट बघतेय! प्रवाशांची नावं रविवारपर्यंत नक्की करा.’ खाली एक हसरा चेहरा आणि एक छोटीशी बोट. परवा तुझं तेरावं झालं आणि काल हा मेसेज. टायमिंग बघ त्यांचं. माझ्या प्रोग्रामला असं टायमिंग जमलं असतं तर मी आज कुठल्या कुठे असतो.

तीन नावं आहेत. जनार्दन, सुलोचना, निलेश. तू, काकी, मी. जायचं, की तारीख पुढे ढकलायची, की सगळंच रद्द करायचं, हे त्यांना सांगायचंय. विरारची आत्या म्हणते, रद्द. वर्ष झाल्याशिवाय ह्या घरातलं कोणी हिंडायला जायचं नाही, लोक तोंडात शेण घालतील. काकी काहीच म्हणत नाही, खाली मान घालून भाजी निवडते. आणि मी मधल्यामधे तुझा मोबाइल चार्ज करत बसलोय, जसं काय तू येऊन मागणारच आहेस.

निर्णय काकीचा, मान्य. पण तिला विचारायच्या आधी मला तुझ्याशी बोलायचंय. कारण ही बोट ऑक्टोबरात सुटायची होती, काका. जानेवारी माझ्यामुळे झाली. आणि का झाली ते मी तुला खरं सांगितलं नाही.

सुरुवात तर तूच केलीस. होळी नुकतीच होऊन गेली होती. मी ओटीवर पाय पसरून बसलो होतो आणि तू आलास, खांद्यावर टॉवेल, आणि गुपित सांगतोयस असं तोंड करून.

‘निल्या, तुझ्या मोबाइलात बोटीची सहल बघ. समुद्राची नको. नदीची. दोन दिवसांची.’

मी म्हटलं, ‘काका, अर्धं आयुष्य होडीत काढलंस. आता दुसऱ्याच्या होडीत बसायला हौस आली?’

तू आत बघितलंस. काकी मागच्या पडवीत होती, भांड्यांचा आवाज येत होता. मग तू खाली बसलास.

‘तुझी काकी निर्मळ गावची. केळीच्या वाडीत वाढली. होडीत पाय नव्हता ठेवला कधी. लगीन झालं नि तिसऱ्या दिवशी मी तिला खाडीपल्याड आपल्या भातात घेऊन चाललो. होडी गळत होती. मी तिच्या हातात डबा दिला. म्हनलं, उपस. हातावरची हळद पन नव्हती गेली तिच्या. तिनं काय विचारलं नाय. उपसत गेली, उपसत आली. मंग शेती होती तोवर तेच. मी वल्हवतोय नि ही पानी उपसतेय. एकदा तिला नीट बसवायची हाय रे. हातात काय न देता.’

आणि मी काय केलं? ‘मी वल्हवतोय नि ही पानी उपसतेय’ हे लगेच तुझ्याच आवाजात म्हणून दाखवलं. हुबेहूब. तू हसलास, पाठीत एक धपाटा घातलास. आता वाटतं, निदान तेव्हा तरी मी तोंड मिटून बसायला हवं होतं. इतकं साधं वाक्य तू बहुतेक कित्येक वर्षं आत ठेवलं असशील आणि मी ते बाहेर येता येताच त्याची नक्कल केली.

असो. मग सुरू झालं तुझं संशोधन. गोखिवऱ्याच्या कारखान्यातून रिटायर झाल्यापासून तुला असं कामच मिळालं नव्हतं. रोज संध्याकाळी मी मोबाइलच्या दुकानातून सुटलो की थेट तुझ्या ओटीवर हजेरी. मी स्क्रीनवर दाखवायचो, तू म्हणायचास, ‘एवढ्याशा काचेत नदी कशी दिसंल?’ आणि कॅलेंडरचं मागच्या महिन्याचं पान उलटं करून त्याच्यावर पेन्सिलने नद्या काढायला लावायचास.

पहिली मी केरळ काढली. नारळाची झाडं, हाऊसबोट, बोटीवरच झोपायचं, बोटीवरच जेवायचं. तू चष्मा कपाळावर घेऊन बराच वेळ बघितलंस.

‘ही नदी हाय?’

‘नदी, खाडी, तलाव, सगळं मिक्स आहे काका.’

‘मंग खाडी बघायला खाडी सोडून कशाला जायचं? नारळ पन हायत आपल्याकडं.’

केरळ कॅन्सल. एका वाक्यात अख्खं राज्य.

मग गोवा. संध्याकाळची तासाभराची फेरी, गाणी, नाच. तू म्हणालास, ‘तासाभरात चढायचं नि उतरायचं, ती फेरीबोट झाली.’ नाचाचं मी मुद्दाम दोनदा सांगितलं. काकी आतून म्हणाली, ‘त्याला नाच दाखवायला नेऊ नको रे निलू, तो मधे जाऊन नाचंल.’ ती ऐकत होती म्हणजे. तेव्हाही आपल्या दोघांच्या डोक्यात आलं नाही की तिला इथे बोलवावं आणि विचारावं, बाई, तुला कुठं जायचंय.

मग काशी. गंगेवर दोन दिवस, सकाळचे घाट, संध्याकाळची आरती. मला वाटलं होतं हे पक्कं होणार. तू पेन्सिल खाली ठेवलीस. ‘काशीला म्हातारपनी जातात.’ मी तुझ्या टकलाकडे बघितलं. तू म्हणालास, ‘बघतो काय? अजून टाइम हाय मला.’

शेवटी आंध्रातली गोदावरी. दोन्ही बाजूंना डोंगर, मधून बोट जाते, रात्री काठावर बांबूच्या झोपड्यांत मुक्काम, दुसऱ्या दिवशी परत. तुला पटेना. ‘गोदावरी नाशकाला हाय. बसनं जाऊ की.’ मी नाशिकपासून पेन्सिल धरली आणि पानाच्या दुसऱ्या टोकापर्यंत ओढत नेली. सांगितलं, तिथपर्यंत जाता जाता ती एवढी रुंद होते की समोरचा माणूस ओळखू येत नाही. तुझं तोंड उजळलं.

‘म्हनजे पोरगी आपली. सासरी जाऊन अशी भरली.’

झालं. मार्ग ठरला.

आणि मग तो फोन. काका, त्या फोनने माझं करिअर उभं केलं आणि त्याच फोनने माझी झोपही उडवलीये, म्हणून तो नीटच आठवतो.

आपल्या खाडीवरच्या माणसांचं गणित तू मला लहानपणीच शिकवलं होतंस. तिथीची पाऊणपट करायची, भरतीची वेळ निघते. चतुर्थी असली तर तीन वाजता, अष्टमी असली तर सहा. भरतीसोबत आत जायचं, ओहोटीसोबत बाहेर यायचं. गाव ह्याच्यावर चालायचं. माझ्या वर्गातल्या बिल्डिंगवाल्या पोरांना घड्याळ होतं, मला कालनिर्णय करायला तू होतास. तेव्हा नदीची सहल म्हटल्यावर तू पहिलं काय विचारणार?

कंपनीची एक मुलगी फोनवर आली. गोड आवाज, पुण्याचा. मी स्पीकर लावला.

‘भरती किती वाजता असते तिथं?’ तू विचारलंस.

‘सर, ही नदी आहे.’

‘नदीचंच विचारतोय. पानी आत किती वाजता येतं?’

‘सर, समुद्र तिथून बराच लांब आहे. भरती-ओहोटी नसते.’

‘बरं. मंग पानी परत कधी फिरतं?’

‘परत फिरत नाही सर. एकाच दिशेनं जातं.’

तू माझ्याकडे बघितलंस. मी ओठ चावून धरले होते.

‘मंग बोट परत कशी येते?’

‘इंजिनवर, सर.’

तू फोन ठेवलास. बराच वेळ खाडीच्या दिशेने बघत बसलास. मग हळूच म्हणालास, ‘पानी कदी परतच येत नाय. नि तिथं लोकं राहतात?’

शप्पथ सांगतो, मी ओटीवरून खाली पडलो होतो हसून.

पंधरा दिवसांनी गावात हळद होती आणि माझा आयटम होता. मी नेहमीचे चारपाच आवाज काढले, रिक्षावाला, लग्नातला कॅटरर, स्टेशनवरची घोषणा. मग म्हटलं, आता घरचा माल काढतो. फोनचा सीन केला. पुण्याची मुलगी मीच, तू पण मीच. ‘बाई, भरती किती वाजता?’ म्हटल्याबरोबर मांडव फुटला. तू तिसऱ्या रांगेत होतास. लोक वळून वळून तुझ्याकडे बघत होते आणि तू हसत होतास, म्हणजे दात दिसत होते.

दुसऱ्या दिवशी मी चहाला आलो. तू पेपर वाचत होतास. पेपरमागूनच म्हणालास, ‘चांगलं केलंस. फक्त मी तिला बाई नव्हतो म्हनलो. ताई म्हनलो होतो.’

मी म्हटलं, ‘बाई म्हटलं की हशा मोठा येतो, काका. ताईमध्ये दम नाही.’

‘पन मी ताई म्हनलो होतो.’

‘तू बाईच म्हणालास, मी ऐकलं.’

‘पोरीच्या जातीला मी फोनवर बाई बोलीन?’

हे भांडण आपलं मिटलंच नाही. त्यानंतर तो आयटम मी निदान दहा ठिकाणी केला आणि दहाही वेळा ‘बाई’ म्हणालो. तू प्रत्येक वेळी भेटलास की एकच विचारायचास, ‘आता काय म्हनलास?’ मी म्हणायचो, ‘बाई.’ तू मान हलवायचास. भरती-ओहोटीवरून सगळं गाव हसलं त्याचं तुला काही नव्हतं. तुला लागलं ते हे, की तू एका अनोळखी मुलीशी बेअदबीने बोललास असं मी चारचौघांत दाखवत होतो. हे मला आत्ता, इथे, तुझा मोबाइल हातात घेऊन कळतंय. आणि खरं सांगू? तू म्हणत होतास तेच खरं असणार. तू आपल्या दारी येणाऱ्या मच्छीवालीलाही ताई म्हणायचास, ती तुझ्याहून वीस वर्षांनी लहान.

तसा तू माझ्या नकलांवर कधी चिडला नाहीस. सातवीत मी मोठ्या सरांच्या आवाजात शाळेच्या माइकवरून सुट्टी जाहीर केली होती, आठवतं? निम्मी शाळा घरी गेली. पालकांना घेऊन ये म्हणाले. बाबांना सांगायची छाती नव्हती, म्हणून तुला नेलं. सर पंधरा मिनिटं बोलले. तू हात जोडून उभा होतास. सर थांबल्यावर तू अगदी मनापासून विचारलंस, ‘सर, पन तुमचा आवाज खरंच तसाच काढला ह्यानं?’ सरांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, ‘तसाच.’ तू माझ्याकडे असं बघितलंस जसं काय मी बोर्डात आलोय. घरी येईपर्यंत तू मला एक अक्षर बोलला नाहीस, पण पडवीत शिरताच म्हणालास, ‘काढ बघू एकदा.’ मी आज स्टेजवर उभा राहतो तो त्या ‘काढ बघू’मुळे. हे तुला कधी सांगायला हवं होतं की नाही? सांगितलं नाही. आपल्यात असं बोलायची पद्धत नाही. आपण धपाटे घालतो.

तर मग मोसम.

पावसाळाभर तोच विषय. तुझं म्हणणं, ऑक्टोबर. पाऊस नुकताच थांबलेला, नदी भरलेली, डोंगर हिरवे. ‘नदी बघायची तर भरल्या अंगाची बघावी. उन्हाळ्यात काय, हाडं मोजायला जायचं?’ मी म्हटलं, उन्हाळा कोण म्हणतंय, जानेवारी. हवा थंड, पाणी नितळ, आकाश स्वच्छ. ऑक्टोबरात घामाच्या धारा लागतात, पाणी गढूळ असतं, एखादा उशिराचा पाऊस आला तर बोटच बंद ठेवतात. मी कंपनीच्या साइटवरचं वाचून दाखवलं. थोडं वाचलं, थोडं घुसवलं. ‘काकीला गरमी सोसत नाही’ हे पण घातलं. ते ऐकून तू ढिला पडलास, आणि पडणार हे मला माहीत होतं.

हे सगळे मुद्दे बरोबर होते, काका. कुठलाच खोटा नव्हता. पण त्यातला एकही माझा नव्हता. माझा मुद्दा एवढाच होता की नवरात्रात मला मंडळाचे चार प्रोग्राम मिळाले होते. पहिल्यांदा. बॅनर, स्टेज, माइक, सगळं माझं. आणि तू जी तारीख काढली होतीस ती बरोबर त्यांच्या मधे येत होती. मी सरळ म्हणू शकलो असतो की मला तेव्हा जमत नाही, तुम्ही दोघं जा. पण मग तुम्ही दोघं गेला असतात आणि मला पण यायचं होतं. म्हणून मी थंडी पुढे केली, काकीचा घाम पुढे केला.

तू ऐकलंस. ‘बरं. जानेवारी तर जानेवारी.’ तीन सीट बुक केल्या. बुक करतानाही तू तिथी बघितलीस, मला आठवतं. अष्टमीच्या जवळपासचा दिवस निघाला तेव्हा खूश झालास. ‘बघ, उधाण नाय. पानी शांत असंल.’ मी म्हटलं, काका, तिथे भरतीच नाही. तू म्हणालास, ‘तिला ठाऊक नाय. त्या ताईला. नदीला कोनी विचारलंय?’

लाइफ जॅकेटवरून पण तुझं सुरू झालं. मेसेज आला होता की सगळ्यांनी घालायचंच. ‘मी? मी घालू? मला आईनं खाडीत टाकून पोहायला शिकवलाय.’ काकी कपडे वाळत घालत होती, मागे वळून न बघता म्हणाली, ‘घाल गुमान. पोट तरी झाकंल फोटोत.’ त्या दिवसापासून तू पोट आत घेऊन चालायला लागलास. आठवडाभर टिकलं.

आणि मग त्या मंगळवारी तू जेवलास, हात धुतलेस, आडवा झालास. काकी चार वाजता चहाला उठवायला गेली.

एवढंच. पुढचं तुला माहीत नाही आणि मला सांगायचं नाही.

काका, ऑक्टोबरात गेलो असतो तर तू ती नदी बघितली असतीस. काकी तुझ्या शेजारी बसली असती. हे एवढं साधं गणित आहे. तेरा दिवस मी तेच करतोय. तेराव्याला आलेले सगळे येऊन मला सांगत होते, ‘अरे तो फोनवाला आयटम किती भारी होता, काकाला कसला ओळखला होतास.’ मी नुसता मान हलवत होतो. एकाने तर हळूच म्हटलं, ‘काढ ना एकदा.’ त्याला मी पाणी आणून देतो म्हणून आत गेलो, तो बाहेर आलोच नाही.

इथवरचं पहाटे लिहिलं होतं, पुढचं आता रात्री लिहितोय. आज सकाळी मी काकीसमोर बसलो. आत्या पण होतीच, विरारहून डबा घेऊन आली होती. मी मेसेज वाचून दाखवला.

आत्या म्हणाली, ‘त्यात काय वाचायचं? नाही म्हणून कळव. वर्ष जायला हवं. लोक बघतायत.’

काकी वाल सोलत होती. म्हणाली, ‘लोकं काय बघतायत?’

‘की नवरा जाऊन दोन महिने नाही झाले नि ही निघाली बोटीत बसायला.’

काकीने एक वाल सोलला. दुसरा सोलला. ‘वर्षभर रडायचंच असंल तर होडीत बसून पन रडता येतं, वन्सं.’

आत्याने तोंड भिंतीकडे फिरवलं. खरं तर तिथेच विषय संपला होता, हो म्हणायचं आणि उठायचं. पण मला राहवेना. मी म्हटलं, ‘काकी, थांब. आधी एक ऐक. जानेवारी मी केली. काका ऑक्टोबर म्हणत होता. थंडी, गढूळ पाणी, तुला गरम होतं, ते सगळं मी नुसतं पुढे केलं होतं. माझे नवरात्रातले प्रोग्राम होते.’

‘ठाऊक हाय,’ काकी म्हणाली.

असं म्हणाली जसं काय मी तिला सांगितलं की आज मंगळवार आहे.

‘तुला ठाऊक होतं?’

‘त्याला आधी. नाक्यावर तुझा बॅनर लागला होता ना. एवढं मोठं तोंड तुझं. भाजी आनायला गेला होता, तसाच परत आला, भाजी न घेता. मला म्हनला, सुलू, आपली नदी जानेवारीत का गेली ते आलो बघून.’

‘चिडला?’

‘चिडला तर. दोन दिवस मला छळलं. चहात साखर नाय, भाताला वास येतो. तुला कसा बोलनार? तिसऱ्या दिवशी शर्टाला इस्त्री मारून मागितली. म्हनलं कुठं? तर म्हनं, पोराचा प्रोग्राम हाय.’

काका, तू आला होतास? मला स्टेजवरून कधी दिसला नाहीस.

‘चारही प्रोग्रामला गेला,’ काकी म्हणाली. ‘मागं उभा राहायचा, खांबाला टेकून. पुढं बसलो तर तो घाबरंल, म्हनायचा. घरी येऊन मला तू केलेलं सगळं करून दाखवायचा. काय धड जमत नव्हतं त्याला. मी आपली हसायची.’

मी वालाची साल उचलली आणि त्या सालीकडेच बघत बसलो. तुला राग आला होता हे ऐकून मला बरं वाटलं, सांगू? तू नुसताच मोठ्या मनाचा निघाला असतास तर मला जन्मभर जड गेलं असतं. तू चिडलास, काकीच्या डोक्यावर बसलास, आणि मग इस्त्रीचा शर्ट घालून आलास. हे मला झेपेल असं आहे. माझं चुकलं, काका. तुला समोर म्हणालो असतो तर तू ‘हो, चुकलंच’ म्हणाला असतास, आणि मग ‘काढ बघू’. आता उत्तर येणार नाही, हे धरूनच लिहितोय.

मग मी विचारलं, उशिरा का होईना. ‘काकी, तुला कधी जायचंय? ऑक्टोबर की जानेवारी? की जायचंच नाही? आम्ही दोघांनी इतके महिने डोकं खाल्लं, तुला कोणी विचारलंच नाही.’

‘नाय विचारलंत.’

‘मग सांग ना.’

‘जानेवारी,’ काकी म्हणाली. ‘नदी भरलेली असू दे नाय तर आटलेली. मला फक्त ती परत न फिरनारी नदी बघायची हाय. आमचा सगळा जन्म गेला पान्याची वाट बघन्यात. भरती झाली की चला, ओहोटी लागली की थांबा. पोटात पोर असली तरी चिखलात बसून थांबा. निघालं की निघालं, असं पानी असतं तर ते कसं असतं ते बघते.’

तू त्या पाण्याच्या नावाने घाबरला होतास आणि ती त्याच्यासाठीच चाललीये. बोलला असतात एकमेकांशी तर मजा आली असती.

राहिली तुझी सीट. ती रद्द करू का, असं मी विचारलं. आत्या इतका वेळ भिंतीकडे बघत होती. तिने घसा साफ केला.

‘तिथं जेवण कसलं असतं रे? तिखट असतं का आंध्रातलं?’

काकीने माझ्याकडे बघितलं. डोळ्यांत पाणी होतं आणि तोंडावर हसू, दोन्ही एकाच वेळी. ‘हिचं नाव घाल,’ म्हणाली.

‘मी येते असं कुठं म्हटलं मी?’ आत्या म्हणाली. ‘सोबत पाहिजे तुला म्हणून विचारते. लोक मला काय म्हणायचे ते म्हणतील.’

मी कंपनीला फोन लावला. तीच मुलगी होती, आवाज ओळखला मी. सांगितलं, एका प्रवाशाचं नाव बदलायचंय. तिने कारण विचारलं, मी सांगितलं. ती म्हणाली, ‘भरतीचं विचारणारे काका का? ते मला ताई म्हणायचे.’

ठीक आहे. ते भांडण तू जिंकलास.

आत्या चारच्या सुमाराला विरारला गेली, स्वेटर शोधायचाय म्हणाली. घरात मी आणि काकी. तेव्हा मी तिला ते सांगितलं, जे तू होळीनंतर ओटीवर मला सांगितलं होतंस. हळदीचे हात, गळकी होडी, डबा, सगळं. तुझ्या आवाजात नाही. माझ्याच आवाजात, अडखळत, मधेच नाक पुसत.

काकी ऐकत होती. मग म्हणाली, ‘मेला. एवढी वर्षं मनात ठेवलं? मला विचारलं असतं तर म्हनले असते, नाय उपसलं असतं तर दोघं बुडलो असतो.’ आणि पदराने डोळे पुसले. परत पुसले.

मग एकदम कामाचं बोलावं तशी म्हणाली, ‘पन निलू, तिथं बोटीत करायचं काय असतं?’

‘काही नाही, काकी. बसायचं.’

‘दोन दिवस?’

‘दोन दिवस.’

तिने आपले दोन्ही हात मांडीवर ठेवले. उलटे केले, सुलटे केले. जरा वेळ तशीच बसून बघितलं.

‘जमंल,’ म्हणाली.